ब्रेक पॅड बदलायची वेळ आली हे नक्की कशावरून ओळखायचं?

सावकाश_चालक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. गाडीला ३८ हजार किलोमीटर झालेत, पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम. परवा सर्व्हिसिंगला दिली तर तिथे म्हणाले पुढचे पॅड बदलून टाका, मग दुसरीकडे दाखवली तर त्याने चाक न खोलता अलॉयच्या फटीतून टॉर्च मारला आणि म्हणाला निम्मे शिल्लक आहेत, वर्षभर बघू नका. आता कुणाचं खरं मानायचं?

मला स्वतःला काहीच जाणवत नाहीये, आवाज नाही, डॅशबोर्डवर लाइट नाही, पेडल जिथे होतं तिथेच आहे. एकच गोष्ट, जोरात ब्रेक मारला की गाडी किंचित डावीकडे ओढल्यासारखी वाटते, पण रस्त्याला बाजूला उतार असतो त्यामुळे असेल असं धरून चाललोय. घरातले सगळे याच गाडीतून फिरतात, आई मागे बसलेली असते, त्यामुळे हे अंदाजावर सोडायचं नाहीये. तुम्ही लोक कसं ठरवता? किलोमीटर बघून, आवाजावरून की आणखी कशावरून?

घासलेला_पाना

आधी एक सांगा, दोघांपैकी कुणी मिलिमीटरमध्ये आकडा सांगितला का? "बदला" आणि "निम्मे आहेत" ही दोन्ही नुसती मतं झाली, माप कुणीच घेतलेलं नाही. पुढच्या चाकांच्या नवीन पॅडवर घासणारं मटेरियल साधारण १० ते १२ मिमी असतं, ते ३ मिमीवर आलं की बदलायचे आणि २ च्या खाली गेले तर गाडी बाहेर काढायची नाही, असं मी वर्षानुवर्षं पाळतोय. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये दिला असेल तर तो धरा.

आणि मोजायचं नेमकं काय हे नीट बघा कारण फसगत इथेच होते. पॅडला मागे लोखंडी पट्टी असते, ५ मिमीच्या आसपास जाड, आणि तिच्यावर घासणारं मटेरियल बसवलेलं असतं. फटीतून बघितलं तर ब्रेकच्या धुळीने दोन्ही थर सारखेच काळे दिसतात, मग माणूस पट्टीसकट जाडी धरतो आणि ३ मिमीचा पॅड ८ मिमीचा वाटतो, त्याला हातातल्या टॉर्चचा काही उपयोग नाही.

चौथा_गिअर

मला तर एवढं टेन्शन घ्यायची गरज वाटत नाही. पॅडला एक पातळ पत्रा लावलेला असतो, पॅड संपत आला की तो डिस्कला घासतो आणि चीं चीं आवाज यायला लागतो, कंपनीने त्यासाठीच तर दिलाय तो. आवाज आला की बदला, तोपर्यंत चालवा. माझी ५२ हजार झालीये, पहिलेच पॅड आहेत, एकदाही खोलून बघितले नाहीत.

उतारावरची

चौथा_गिअर, मी पण अगदी हेच धरून चालत होते म्हणून सविस्तर लिहितेय, राग मानू नका.

माझं रोजचं जाणं-येणं घाटाचं आहे, एका बाजूला सलग उतार. सर्व्हिसिंग झालं तेव्हा पॅड ओके असं कार्डवर लिहून मिळालं, मी स्वतः पण फटीतून बघितलं होतं आणि बाहेरचा पॅड खरंच चांगला जाड दिसत होता. तीनेक महिन्यांनी उतरताना पुढून खरखर आवाज यायला लागला, चीं चीं अजिबात नाही, सरळ खरखर, आणि ब्रेक दाबला की पायाला जाणवायचं काहीतरी खरवडतंय ते. मुलगी शेजारी बसलेली. दुसऱ्या गिअरवर टाकून अगदी हळू खाली आणली गाडी आणि तिथेच ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी चाक खोललं तर बाहेरचा पॅड ६ मिमी, आणि आतला पार संपलेला, मटेरियल शून्य, लोखंडी पट्टीच डिस्कवर घासत होती आणि डिस्कच्या आतल्या बाजूला नांगरल्यासारखे चर. डिस्क फेकावी लागली ती वेगळीच.

चीं चीं का नाही वाजलं तर आधी कधीतरी बदललेल्या त्या पॅडना तो पत्राच नव्हता, सगळ्या पॅडना असतोच असं नाही हे मला तेव्हा कळलं. आतला पॅड बाहेरून दिसत नाही हो. कॅलिपरच्या, म्हणजे दोन्ही पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, मागे लपलेला असतो तो. त्यामुळे चाक खोलल्याशिवाय कुणी पॅड चांगले आहेत म्हणालं तर मी आता ऐकून घेत नाही, समोर उभी राहून चारही पॅड बघते.

पिस्टनकाका

उतारावरची ताईंनी लिहिलंय ते मी वर्कशॉपमध्ये इतक्या वेळा बघितलंय की मोजदाद नाही. ३० वर्षं हेच काम केलं.

चौथा_गिअर, तो पत्रा चांगली सोय आहे, मी वाईट म्हणत नाही. पण तो बऱ्याचदा एका चाकाच्या दोन पॅडपैकी एकालाच असतो, जास्त करून आतल्या, आणि दुसरा पॅड आधी संपला तर पत्रा डिस्कपर्यंत पोचतच नाही. कधी पॅड बसवताना वाकतो, कधी गंजून तुटून पडतो. काचा बंद आणि गाणी चालू असली तर ऐकूही येत नाही. अजून एक गंमत नाही तर अडचण सांगतो, हा आवाज पुष्कळदा नुसती गाडी चालत असताना येतो आणि ब्रेक दाबला की थांबतो, कारण दाबल्यावर पत्रा घट्ट धरला जातो. मग लोक येऊन सांगायचे, काका आवाज येतोय पण ब्रेकचा नाही, ब्रेक मारला की बंद होतो. तो ब्रेकचाच असायचा.

आणि सकाळी गाडी काढल्यावर पहिल्या दोन-चार ब्रेकला करकर होते, पाऊस पडून गेल्यावर किंवा गाडी धुतल्यावर, तो डिस्कवर धरलेला हलका गंज आहे. लगेच पुसला जातो, आवाज जातो. त्यासाठी घाबरू नये. दिवसभर राहिला तर मात्र खोलून बघा.

निळी_हॅचबॅक

माझाही प्रश्न जोडते याच धाग्यात. मागच्या महिन्यात वळणावर लाल रंगाचा ब्रेकचा लाइट लागून विझायचा, गोलात उद्गारचिन्ह असतं ना तो. बॉनेट उघडून बघितलं तर ब्रेक ऑइल खालच्या खुणेला टेकलेलं. ओळखीतल्यांनी वर खुणेपर्यंत भरून दिलं आणि लाइट गेला. आता सगळं ठीक ना?

पिस्टनकाका

ठीक नाही, पोरी. लाइट गेला पण त्याने जे सांगायचं होतं ते कुणी ऐकलंच नाही.

डिस्क ब्रेकचं काम कसं चालतं बघ. पिस्टनभोवती एक रबरी सील असतं चौकोनी कडांचं. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे जातो आणि सील थोडं पिळलं जातं, पाय काढला की ते सील सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे ओढतं. पॅड झिजत गेला की पिस्टन सीलमधून थोडा पुढे सरकून तिथे नवी जागा धरतो. म्हणून पॅड झिजले तरी पेडल खाली जात नाही, धागाकर्त्याने लिहिलंय ना पेडल होतं तिथेच आहे, ते पॅड नवे असताना पण तसंच असणार आणि संपताना पण. पेडलवरून पॅड कळत नाहीत. पेडल मऊ लागलं, स्पंजसारखं दबलं, तर ती हवा नाहीतर गळती, तो आजारच वेगळा आणि तो जास्त तातडीचा.

पण पिस्टन जेवढा बाहेर आला तेवढी मागे जागा झाली आणि ती ऑइलने भरली, म्हणून टाकीतली पातळी हळूहळू उतरते. पातळी उतरली म्हणजे एकतर पॅड झिजलेत नाहीतर कुठेतरी गळतंय, दोन्हीसाठी चाक खोलायलाच पाहिजे. वरून भरून टाकलं की ही खूण पुसली जाते. आणि पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की तेच ऑइल परत वर येऊन टाकीतून उतू जातं, रंगावर पडलं तर रंग खातं.

तू आधी पॅड मोजून घे. आणि चाकांच्या आतल्या बाजूला, पाइपच्या जोडांवर ओल आहे का बघायला सांग. हे आठवड्यावर ढकलू नकोस.

निळी_हॅचबॅक

धन्यवाद काका, उद्याच नेते. हे कुणीच सांगितलं नव्हतं.

चौथा_गिअर

पत्र्याचं पटलं. पण मग किलोमीटरवर का नाही धरायचं, दर ४० हजाराला बदलले की झालं, खोला-मोजायची भानगडच नको.

घासलेला_पाना

कारण दोन माणसं एकच गाडी चालवत नाहीत. माझ्याकडच्या दोन गाड्यांचंच सांगतो, एक हायवेला जाते, तिचे पुढचे पॅड ७० हजाराला पण ४ मिमी होते. दुसरी गर्दीत फिरते, ऑटोमॅटिक आहे, ती २८ हजाराला ३ वर आली. मॅन्युअलमध्ये गिअर उतरवून वेग कमी करणारा आणि शेवटपर्यंत अ‍ॅक्सिलरेटर देऊन मग ब्रेकवर उभा राहणारा यांच्यात दुप्पट-तिप्पट फरक पडतो.

वेगाचं पण बघा, गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. १२०० किलोची गाडी ५० च्या वेगावरून थांबवायला साधारण ११६ किलोज्यूल उष्णता ब्रेकला गिळावी लागते, तीच १०० वरून थांबवली तर ४६३, म्हणजे चौपट. आणि ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झुकतं म्हणून यातला मोठा वाटा पुढच्याच चाकांवर पडतो. मग ४० हजार किलोमीटर म्हणजे नक्की काय, कुठले, कशा प्रकारचे, कितीदा थांबलेले?

मी काय करतो, दर वेळी टायर रोटेशनला चाकं निघतात तेव्हा मोजतो आणि वहीत लिहितो. समजा ३० हजाराला ७ मिमी होते आणि ४० हजाराला ६, म्हणजे १० हजाराला १ मिमी. ३ पर्यंत यायला अजून साधारण ३० हजार. पण शेवटच्या मिलिमीटरला हा हिशोब लावू नका, पॅड पातळ झाला की जास्त तापतो आणि जास्त वेगाने झिजतो.

पिस्टनकाका

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे म्हणून थोडी भर घालतो. जाड पॅड नुसता घासायला नसतो, तो डिस्क आणि पिस्टनच्या मध्ये उष्णता अडवणारी भिंत पण असतो. पातळ झाला की ती उष्णता सरळ पिस्टनमधून ऑइलला लागते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं. डॉट ४ ऑइल नवं असताना निदान २३० डिग्रीला उकळतं, पाणी शोषलेलं असेल तर १५५ पर्यंत खाली येतं. उतारावर पातळ पॅड आणि जुनं ऑइल एकत्र आले तर ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ खाली जातं, कारण वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. म्हणून मी "अजून २ मिमी आहे की" म्हणणाऱ्याला नेहमी विचारायचो, कुठे जाणार आहात? घाट उतरायचा असेल तर आधी बदला.

सावकाश_चालक

एवढं सगळं वाचून मी रविवारी स्वतःच चाकं काढून बघायचं ठरवलंय. पॅड मी बदलणार नाही, ते कुणा जाणकाराकडूनच, पण मोजून बघायला काय हरकत आहे. कसं करू ते कुणी सांगेल का? स्टेपनी दोनदा बदललीये एवढाच अनुभव.

घासलेला_पाना

स्टेपनी बदललीत म्हणजे जमेल. सपाट जागा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड नाहीतर लाकडी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला. नट आधी चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे, मग जॅक. आणि नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून हात आत घालायचा नाही, खाली स्टँड लावायचा म्हणजे लावायचाच, स्टँड नसेल तर हे काम करू नका, कुणाकडून तरी आणा. लगेच आलेले असाल तर डिस्कला हात लावू नका, भाजेल.

चाक निघालं की स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, कॅलिपरचा मागचा भाग समोर येतो. बहुतेक कॅलिपरला वर एक खिडकी असते, तिथून दोन्ही पॅड आणि मधली डिस्क दिसते. आतल्यासाठी छोटा आरसा आणि टॉर्च घ्या. व्हर्नियर (जाडी मोजायची सरकपट्टी) आत शिरत नाही, मी ३ मिमीचा ड्रिल बिट वापरतो, त्याची मागची गुळगुळीत बाजू मटेरियलच्या कडेशी धरायची, मटेरियल त्याच्याहून पातळ दिसलं की निर्णय झाला. ५ चा पण एक जवळ ठेवा. प्रत्येक पॅडला वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला असं दोनदा बघा, तिरका झिजलेला पॅड असतो त्याचं पातळ टोक धरायचं.

आणि ती काळी धूळ फुंकू नका, हवेच्या प्रेशरने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा. ती नाकात जायला नको, जुन्या पॅडमध्ये कधी काय मटेरियल वापरलं असेल सांगता येत नाही.

उतारावरची

चारही पॅडचा वेगवेगळा आकडा लिहा, सरासरी नको. सगळ्यात पातळ असेल तोच तुमचा आकडा.

सावकाश_चालक

झालं बघून. दोन तास गेले पण गेले ते बरं झालं. हे आकडे:

पुढचं डावं: बाहेरचा ६ मिमी, आतला ५.
पुढचं उजवं: बाहेरचा ७, आतला २.५, आणि त्याचं खालचं टोक तर २ च्या आत असेल.

म्हणजे दोघेही एका अर्थाने बरोबर होते, ज्याने टॉर्च मारला त्याला उजवीकडचा ७ मिमीचा पॅड दिसला असणार आणि ज्याने बदला सांगितलं त्याने बहुतेक चाक काढलं होतं, पण त्याने मला तेवढं दाखवलं असतं तर मी दुसरीकडे गेलोच नसतो. मला आता कळत नाहीये ते हे की एकाच चाकात दोन पॅड, एक ७ आणि एक २.५, असं का?

पिस्टनकाका

छान मोजलंत. आणि कारण तुम्ही पहिल्या दिवशीच लिहिलं होतं, गाडी डावीकडे ओढते.

तुमच्या गाडीला एकाच बाजूला पिस्टन असलेला सरकता कॅलिपर आहे. पिस्टन आतल्या पॅडला ढकलतो, आणि त्याच्या उलट्या जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडला ओढून डिस्कवर आणतो. त्या पिना गंजल्या, ग्रीस वाळलं, रबरी बूट फाटून आत पाणी गेलं, की कॅलिपर सरकत नाही. मग एकटा आतला पॅड घासत राहतो आणि बाहेरचा नुसता बघत बसतो. तुमचा ७ मिमीचा पॅड चांगला दिसत होता कारण तो कामच करत नव्हता. डावीकडचा बाहेरचा ६ आहे ना, त्याच्याशी ताडून बघा. उजवं चाक कमी ताकदीने थांबत होतं, डावं नीट थांबत होतं, म्हणून गाडी डावीकडे.

खालचं टोक जास्त पातळ म्हणजे मला तरी एकच पिन पक्की जाम वाटतेय, दुसरी अजून थोडी हलत असेल.

आता नुसते पॅड बदलले तर सहा-आठ महिन्यांत परत हेच होईल. पिना बाहेर काढून साफ करायच्या, खड्डे पडले असतील तर नव्या, बूट नवे, आणि ग्रीस ब्रेकचंच, सिलिकॉनचं. साधं ग्रीस घातलं तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. पिस्टन हाताने सहज मागे जातोय का तेही बघायला सांगा, अडत असेल तर पिस्टन नाहीतर पाइप, कधी रबरी पाइप आतून सुजलेला असतो आणि दाब सोडत नाही. पॅड दोन्ही चाकांचे एकदम बदला, डावीकडचे ५ मिमी असले तरी. एका बाजूला नवे आणि एका बाजूला जुने ठेवले तर ओढणं तसंच राहील.

घासलेला_पाना

डिस्क पण बघून घ्या त्याच वेळी. किमान जाडीचा आकडा डिस्कवरच कोरलेला असतो, मधल्या टोपीवर किंवा कडेला. कडेला उंच कड आली असेल तर मोजताना व्हर्नियर त्या कडेवर बसवू नका, आतल्या झिजलेल्या भागावर मोजा, नाहीतर जाडी जास्त दिसते. नख फिरवा, चरात अडकत असेल तर दाखवा. आणि पेडल किंवा स्टिअरिंग ब्रेक मारताना थरथरत असेल तर त्याचं कारण बहुतेक वेळा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी नसणं हे असतं, नवे पॅड टाकून ते जात नाही.

शांत_मोटर

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी पण लिहून ठेवतो कारण आमच्यात असा समज आहे की मोटरच वेग कमी करते तर पॅड कशाला बघायचे. मोटरमुळे पॅड खरंच खूप कमी झिजतात, माझे ६० हजाराला ८ मिमी आहेत. पण वापरच कमी म्हणून पिना जाम व्हायचं आणि डिस्क गंजायचं प्रमाण आमच्याकडे जास्त. माझ्या मागच्या उजव्या डिस्कवर अर्ध्या रुंदीला गंजाचा पट्टा होता, पॅड जाडजूड असून पूर्ण टेकतच नव्हता. तेव्हापासून आठवड्यातून एकदा रस्ता मोकळा बघून चार-पाच ब्रेक पायाने नीट दाबून मारतो. आणि मागे इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर मागचे पॅड बदलताना तो सर्व्हिस मोडला टाकावा लागतो, पिस्टन जबरदस्तीने ढकलला तर आतली मोटर जाते.

निळी_हॅचबॅक

काका, नेली होती. पुढचे दोन्ही आतले पॅड २ मिमी निघाले, गळती कुठेच नव्हती. पिस्टन मागे ढकलायच्या आधी वरून भरलेलं ऑइल सिरिंजने काढून घ्यायला लागलं, तुम्ही म्हणालात तसं. आता नवे पॅड आहेत आणि पातळी आपोआप वरच्या खुणेजवळ आली. तुम्ही वेळेवर बोललात, खरंच आभार.

चौथा_गिअर

मी पण काल खोलून घेतले. चारही साडेचारच्या आसपास, सगळे सारखे, पिना मोकळ्या. अजून चालतील. पण मला वाटलं होतं तसा पत्रा माझ्या चारपैकी दोनच पॅडना आहे, दोन्ही आतल्या, आणि डावीकडचा थोडा वाकलेला होता. तो सरळ करून घेतला. वही सुरू केलीये.

सावकाश_चालक

अपडेट देतोय. काम झालं, मी समोर उभा होतो. खालची पिन खरंच जाम होती, काढायला बराच वेळ लागला, बूट फाटलेला आणि आत लाल गंज. दोन्ही पिना नव्या टाकल्या. डिस्क २१.३ मिमी आहे आणि वर २० किमान असं कोरलंय, चर नाहीत, म्हणून ठेवली. कॅलिपर त्यांनी तारेने बांधून ठेवला होता, पाइपवर लोंबकळू दिला नाही, ते बघून बरं वाटलं.

गाडी हलवायच्या आधी त्यांनी पेडल दाबायला सांगितलं तर पहिल्या वेळी सरळ खाली गेलं आणि माझ्या पोटात गोळा आला, पण चार-पाचदा दाबल्यावर वर येऊन घट्ट झालं. ते म्हणाले पिस्टन मागे ढकललेले असतात म्हणून. आता रस्त्यावर थोडा जळका वास येतोय आणि ब्रेक पहिल्यासारखा चावत नाही, काही चुकलंय का?

पिस्टनकाका

काही चुकलेलं नाही. ते पेडल दाबणं न करता गाडी काढली तर पहिला ब्रेक लागतच नाही, त्यामुळे पॅड बदलून घेणाऱ्या प्रत्येकाने हे आठवणीने करावं, मेकॅनिकने केलं असेल तरी आपण एकदा करावं.

नवे पॅड डिस्कवर बसायला वेळ लागतो. मोकळा रस्ता बघा, मागे कुणी नको, ६० वरून १५-२० पर्यंत मध्यम दाबून वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, परत ६०. असं आठ-दहा वेळा, मग ब्रेक न लावता पाच-दहा मिनिटं नुसती चालवून गार होऊ द्या. गरम असताना पेडल दाबून उभे राहू नका, पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. पहिले २०० ते ३०० किलोमीटर कचकन ब्रेक शक्यतो टाळा. हलका वास दोन-तीन दिवस येईल. एकाच चाकाजवळ जास्त वास किंवा जास्त गरम लागलं तर मात्र लगेच परत न्या, तिथे काहीतरी अडकलंय.

सावकाश_चालक

सकाळी लवकर जाऊन केलं. वास गेला, ब्रेक आता नीट लागतोय, आणि तोच रस्ता, तोच उतार, जोरात दाबलं तरी गाडी सरळ थांबते. दोन वर्षं मी त्या रस्त्याला दोष देत होतो.

वहीत लिहिलंय: ३८,४०० किमी, पुढचे चारही ११ मिमी. एक राहिलंच, मागच्या ड्रमचे लायनर, म्हणजे तिथलं पॅडसारखं घासणारं मटेरियल, कसे बघायचे? तिथे तर काहीच दिसत नाही.

पिस्टनकाका

ड्रमच्या मागे जो स्थिर पत्रा असतो त्याला बऱ्याच गाड्यांत रबरी बूच असतं, ते काढलं की लायनरची कड दिसते. नसेल तर ड्रम काढायचा. हँडब्रेक सोडून, चाकांना ठोकळे लावून. लायनर मुळातच पातळ असतो, ५ मिमीच्या आसपास, त्यामुळे तिथे ३ चा हिशोब लावू नका, मॅन्युअल बघा. आणि ड्रमच्या खालच्या बाजूला ओल दिसली तर सिलिंडर गळतोय.

सावकाश_चालक

ठोकळे आणि स्टँड अजून इथेच आहेत, येत्या रविवारी मागची चाकं. आकडे इथेच टाकतो.